दम न लागणारी कोंडाबाई

“...खोकला विचारतो, दम विचारतो, बिडी-तंबाखू विचारतो. आणखी काय विचारायचं राहिलं, ताई?”

डॉक्टर निरंजन बुडूखनं सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला, त्याला तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात फुफ्फुसाचा एकही जुनाट आजार आपल्या नजरेतून सुटला नाही, असं तो अभिमानानं सांगत होता.

ऐकत होत्या त्याचा दवाखाना बघायला आलेल्या डॉक्टर मालनताई सुरवसे. निरंजन त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

मालनताईंनी दाराबाहेर पाहिलं.

बाहेर बाकावर कोंडाबाई बसली होती, गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आलेली. तीस वर्षं ती चुलीपुढे बसून गावातल्या खानावळींना भाकरी पुरवत होती. ताईंनी तिला आत बोलावलं आणि निरंजनला खूण केली, विचार.

“दम लागतो का, मावशी?”

कोंडाबाई ताठ बसली. “मला? रोज दोनशे भाकरी थापते मी. दम कशाचा लागतोय.”

निरंजननं ताईंकडे पाहिलं. आणखी काय हवं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

ताई खुर्ची सोडून कोंडाबाईशेजारी येऊन बसल्या.

“टेकडीवरच्या देवीला शेवटची कधी गेलीस?”

कोंडाबाईनं बोटांवर मोजलं.

“दोन वर्षं झाली. आता खालच्या पायरीलाच हात लावते. देवीला कळतंय.”

ताई एकेक विचारत गेल्या. पिठाची पाटी आता सून उचलत होती. पाण्याची घागरही सूनच. बाजाराला रिक्षा.

ताईंनी टेबलावरचं श्वास मोजायला फुंकायचं यंत्र तिच्या हातात दिलं. कोंडाबाईनं ऐटीत छाती भरून घेतली आणि फुंकलं. औषध ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावलं. दोन्ही वेळा श्वास बाहेर पडायला फार वेळ लागत होता. चुलीच्या धुरानं आतल्या नळ्या अरुंद होऊ लागल्या होत्या. पण अजून सुरुवातच होती, बरंच हातात होतं.

कोंडाबाईनं ओढायचं औषध घेतलं. चूल सोडून गॅस घ्यायलाही ती कबूल झाली. मात्र भाकरीला कुणी नावं ठेवली तर डॉक्टरांचं नाव सांगेन, असं बजावून गेली.

निरंजन यंत्रातून निघालेल्या कागदावरची रेघ बघत राहिला.

“तीन वर्षं मी हिला दर वेळी विचारलं,” तो म्हणाला. “आणि ही दर वेळी खोटं बोलली.”

ताईंनी पिशवी उचलली.

“नाही रे. दम लागेल असं सगळं तिनं केव्हाच सोडलंय. ती दर वेळी खरंच बोलली.”