कुलूप लावण्याआधी

एकदा एक छापखानेवाला मोठ्या पेचात सापडला. त्याचे नाव उल्हास. गाव तालुक्याचे, छापखाना लहान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जाहिरातीची पत्रके, असे काम. पण त्या वर्षी मानाचे काम आले होते. गावच्या वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि त्याची स्मरणिका उल्हासने करायची होती. गावातल्या वृद्धांनी वाचनालयाच्या आठवणी सांगितल्या होत्या. उल्हास एकेकाच्या घरी जाऊन बसे, ऐके, आणि परत येऊन थेट संगणकावर उतरवून काढी. कागदावर काही नव्हते. सांगणाऱ्यांपैकी दोघे मधल्या काळात वारले. त्यांचे शब्द आता त्या एका यंत्रातच उरले होते.

आणि पेच त्या यंत्राचाच होता. यंत्र जुने. यंत्राचा सारा कारभार चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, तीही जुनी. रोज सकाळी पडद्यावर चौकट येई. नवी सिस्टिम तयार आहे. आता घ्यायची की नंतर? उल्हास 'नंतर' दाबून कामाला लागे. तेवढ्यात शेजारच्या गावी एका छापखान्यात व्हायरस शिरला. तिथलीही सिस्टिम जुनीच होती, आणि जुन्या सिस्टिमची राखण करणे कंपनीने सोडून दिले होते. एका दुपारी त्या माणसाचे सगळे काम गेले.

उल्हासने संगणकाच्या दुकानदाराला विचारले. दुकानदार म्हणाला, आजच नवी घ्या. त्याने मेहुण्याला विचारले. मेहुणा म्हणाला, चालतंय त्याला हात लावू नका. आमच्या ऑफिसात नवी घेतली तर प्रिंटर आठवडाभर रुसून बसला होता. दोघेही छातीठोकपणे बोलले. जो शेवटी भेटे त्याचे उल्हासला पटे.

अखेर तो आपल्या गुरूंकडे गेला.

हे गुरू म्हणजे खिळे जुळवण्याच्या काळातले माणूस. शिशाचे एकेक अक्षर वेचायचे, ओळ बसवायची, ओळीचे पान करायचे. ही विद्या उल्हास त्यांच्याच हाताखाली शिकला. गाव त्यांना मास्तर म्हणे. त्यांनी संगणकाला कधी बोट लावले नव्हते आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

उल्हासने सगळे सविस्तर सांगितले. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये. आमचं स्वयंपाकघर मागच्या खोलीत हलवायचंय."

उल्हासला वाटले, म्हाताऱ्याला नीट ऐकू आले नसावे. त्याने प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारला.

"मी बहिरा नाही," मास्तर म्हणाले. "उद्या दुपारी जेवायला माणसं आहेत. त्याच्या आत उरकलं पाहिजे."

गुरूंना उलट विचारण्याची रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी उल्हास हजर झाला. मास्तरांची पत्नी, जिला तो काकू म्हणे, भाजी आणायला बाजारात गेली होती. मास्तर पडवीत खुर्ची टाकून बसले आणि हाताने नुसते 'चालू कर' असे खुणावले.

उल्हास कामाला वाघ. त्याने शेगडी नेली, सिलिंडर नेला, धान्याचे डबे नेले, ताटाळे भिंतीवरून उतरवून मागच्या खोलीत टांगले. पोळपाट, परात, पातेली, काही मागे ठेवले नाही. नवी खोली त्याने नीटनेटकी लावलीही. मास्तर नुसते पाहत होते. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "झालं, मास्तर. सगळं आलं."

"सगळं?"

"एक चमचा मागे नाही."

मास्तर उठले. त्यांनी जुन्या स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले, त्याला कुलूप घातले आणि किल्ली धोतराच्या कनवटीला लावली.

काकू परत आली. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप पाहून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग उल्हासला म्हणाली, "मी बाजारात गेले होते रे, माहेरी नव्हे. तासभर दम निघाला नाही तुम्हा दोघांना?"

पण पाहुणे यायचे होते. तिने पदर खोचला. हिंग कुठे ठेवलास, मोहरी कुठे टाकलीस, असे विचारत विचारत तिने भाजी-आमटी उरकली. मग शेंगदाणे भाजले, सोलले, पाखडले. तिखट, मीठ, लसूण काढून ठेवले. तिची शेंगदाण्याची चटणी गावात नावाजलेली होती. सगळे ताटात घेऊन ती उठली आणि तिने विचारले, "उखळ कुठंय?"

उल्हासचा चेहरा पडला. उखळ दगडाचे, जुन्या खोलीच्या जमिनीत रोवलेले. जमिनीच्या वर त्याची नुसती कड दिसे. सकाळपासून तो त्या कडेला वळसा घालूनच ये-जा करत होता.

"काकू, ते तर जमिनीत आहे."

"कुठं आहे ते मला नको सांगू. लग्न होऊन आल्यापासून मीच बसतेय त्याच्यापुढे." मग तिला आणखी एक आठवले. "आणि विरजण? दाराआडच्या कोनाड्यात दह्याचं भांडं होतं."

तेही कुलपात होते. काकूने नवऱ्याकडे किल्ली मागितली. मास्तरांनी मान हलवली. ते घर सोडलं, म्हणाले. आता जे या घरात आहे त्यातच भागवायचं. काकू म्हणाली की आज ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही, आणि हे तिने पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटले, कारण पाहुणे दारात आले होते.

पाहुणे म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष आणि त्यांची पत्नी. उल्हास मागल्या दाराने पळाला, घरून मिक्सर घेऊन आला आणि चटणी त्यात फिरवली. कुटायच्या चटणीचा तेलकट गोळा झाला. तोच वाढावा लागला. दह्यावाचून कोशिंबीर कोरडी राहिली. अध्यक्षांनी चटणीचा एक घास घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, "चटणी मऊ आहे." मग त्यांनी ती ताटाच्या कडेला सारली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिले नाही.

जेवताना त्यांनी स्मरणिकेची चौकशी केली. समारंभाची तारीख ठरली होती. जे दोघे वारले, त्यांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवायचे होते आणि पहिल्या प्रती त्यांच्याच हाती द्यायच्या होत्या. उल्हास मान खाली घालून 'हो हो' म्हणत राहिला.

पाहुणे गेले. उल्हास मास्तरांपुढे येऊन बसला.

"कळलं मास्तर. जुनं आहे ते बरं आहे. नव्या सिस्टिमच्या नादी लागत नाही."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. ते उठले, कुलूप काढले आणि उल्हासला जुन्या खोलीत नेले. काठी उचलून त्यांनी वरच्या तुळईला टोचले. भुसा भुरभुरत उल्हासच्या डोक्यावर पडला.

"वाळवी," मास्तर म्हणाले. "पुढच्या पावसाळ्यात ही तुळई राहणार नाही. बायकोला इथंच स्वयंपाक करायला लावू?"

"नाही."

"मग हलायचं की नाही हे मला विचारू नको. ते वाळवीनं ठरवलंय. तुझ्या यंत्राचंही तसंच. शेजारच्या गावात काय झालं ते तूच सांगितलंस. आपल्या हातात एवढंच, की हलायचं कसं. तू सकाळी काय केलंस? हाताला लागेल ते उचललंस आणि सगळं आलं म्हणालास. जे उचलत नाही ते तुला दिसलंच नाही. जे दाराआड होतं तिकडे तू पाहिलं नाहीस. जी इथं रांधते ती येईपर्यंत थांबला नाहीस. बरं, हे सगळं चालेल. माणूस चुकतो. पण मी दाराला कुलूप घालत होतो तेव्हा तू समोर उभा होतास, आणि थांबा म्हणाला नाहीस."

उल्हासने डोक्यावरचा भुसा झटकला.

"नव्या खोलीत आधी एक जेवण शिजवायचं. पाहुणे नसताना. शिजवायचं, बसून जेवायचं. काय राहिलं ते घासाघासाला कळतं. राहिलेलं आणायला जुनं दार उघडं हवं. मग कुलूप. तुझं ते यंत्र रोज विचारतं ना, आता की नंतर? आता म्हणजे हे दार ओढून घेणं. आणि नंतर म्हणजे तुळईखाली बसून राहणं. तू दोन्हीच्या मधलं काहीच केलं नाहीस."

काकू दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "एवढंच सांगायचं होतं तर माझी चटणी कशाला घालवली?"

"नुसतं सांगितलं असतं तर मान डोलावून घरी गेला असता," मास्तर म्हणाले.

उल्हास घरी गेला तो कामालाच लागला. पहिल्यांदा त्याने जुन्या यंत्राची इंटरनेटची वायर काढली, म्हणजे बाहेरचे काही आत शिरायला नको. मग मेहुण्याकडे एक संगणक पडून होता तो मागून आणला आणि त्यावर नवी सिस्टिम घातली. जुन्या यंत्रातले एकच पान त्याने पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात उघडले. ते वाचनालयाच्या शिपायाचे पान होते. पुराच्या वर्षी त्याने पुस्तकांची गाठोडी डोक्यावर घेऊन टेकडीवरच्या शाळेत नेली होती, ती हकिकत. वारलेल्या दोघांपैकी तो एक.

पानावर मराठीचा एक शब्द नव्हता. कंस, टक्क्याची चिन्हे, इंग्रजी अक्षरे, नुसता कचरा.

उल्हासने मान वळवून जुन्या यंत्राकडे पाहिले. तिथे शिपायाची गाठोडी अजून डोक्यावर होती, एक शब्द हललेला नव्हता. तेव्हा मात्र तो एकटाच हसला. उखळ सापडले होते. तो वर्षानुवर्षे ज्या टाइपात मराठी बसवत आला, ते वळणदार अक्षर मास्तरांच्या शिशाच्या खिळ्यांसारखे दिसे म्हणून त्याला प्रिय होते. पण ते अक्षर उमटवणारा प्रोग्रॅम त्या जुन्या सिस्टिमच्या जमिनीत रोवलेला होता. पेनड्राइव्हवर कितीही प्रती काढल्या असत्या तरी प्रोग्रॅमवाचून त्या मुक्याच राहिल्या असत्या. घाईने 'आता' दाबले असते, तर दोन मेलेल्या माणसांचे बोलणे त्याने स्वतःच्या बोटाने पुसले असते.

मग दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी मांडली गेली. जुन्या अक्षरांचे नव्यात रूपांतर करणारी सोय असते. तिने बरेच काम केले आणि जोडाक्षरांचे हाल केले. उल्हासने प्रत्येक पान जुन्या पडद्यावर पाहून नव्या पडद्यावर दुरुस्त केले. कंटाळवाणे काम. पण खिळे जुळवण्यात ज्याची बोटे तयार झाली त्याला ते नवे नव्हते.

स्मरणिका वेळेवर निघाली. शिपायाच्या बायकोला वाचता येत नव्हते. तिने नातीकडून ते पान भर सभेत वाचून घेतले आणि मध्येच हसत म्हणाली, "असंच बोलायचे ते." मास्तरांनी घरी नेऊन भिंग लावून स्मरणिका अथपासून इतिपर्यंत तपासली. एक चूक सापडली. ती दाखवण्यासाठी ते मुद्दाम छापखान्यापर्यंत चालत आले.

समारंभ झाला, आणि नव्या यंत्रावर एक लग्नपत्रिका नीट छापून निघाली. त्यानंतर उल्हासने जुन्या यंत्राला इंटरनेटची वायर पुन्हा जोडली आणि त्यासमोर बसून त्या चौकटीतले 'आता' दाबले.

त्या फसलेल्या जेवणानंतर काकूने सगळा संसार पुन्हा जुन्या खोलीत नेला होता. पावसाळ्याच्या आधी उल्हास पहार घेऊन मास्तरांच्या घरी गेला. सकाळी येताच त्याने सर्वांत आधी कोनाड्यातले विरजण उचलून नव्या खोलीत नेले. मग काकूला समोर बसवले आणि ती सांगेल त्या जागी, सांगेल त्या क्रमाने एकेक वस्तू लावली. शेवटी उखळ. वर दिसत होते त्याहून ते कितीतरी खोल होते. खणता खणता दुपार झाली. काकू मधूनमधून येऊन बघे आणि म्हणे, कड उडाली तर तुला जेवायला मिळणार नाही. कड उडाली नाही. उखळ नव्या खोलीत, खिडकीजवळ, तिला वाकायला सोयीचे पडेल असे रोवले.

काही दिवसांनी जमीन घट्ट झाल्यावर तिने त्यात चटणी कुटली. अध्यक्षांना पुन्हा बोलावणे गेले होते. ते जरा बेताच्या उत्साहाने आले, पण उंबऱ्याशीच त्यांना लसणाचा वास आला आणि ते लगबगीने आत शिरले.

पाने मांडली. सगळे बसले. मास्तरांनी कनवटीचे कुलूप काढून उल्हाससमोर धरले. जुन्या खोलीचे दार अजून उघडे होते.

"जा. घालून ये."

उल्हासने हात पुढे केला नाही. तो म्हणाला, "थांबा, मास्तर. आधी जेवण होऊ दे."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले. मग कुलूप आपल्या ताटाशेजारी खाली ठेवले आणि काकूला म्हणाले, "ह्याला चटणी वाढ. जरा जास्त वाढ."