पिसोरीच्या छातीतली धडधड

माणसं मनगटावर बोलती घड्याळं बांधून डोंगर चढू लागली, त्या काळातली ही गोष्ट.

असंच एक घड्याळ रानात गळून पडलं. वानराने ते उचललं आणि गंमत म्हणून बिट्टीच्या गळ्यात अडकवलं. बिट्टी होती पिसोरी, म्हणजे सशाएवढं इवलंसं हरीण.

घड्याळ लगेच बोललं, "तुमच्या हृदयाचे ठोके फार जलद आहेत. शांत बसा."

बिट्टी घाबरली. सकाळपर्यंत तर तिला काहीच होत नव्हतं! ती करवंदीच्या जाळीत अंग चोरून बसली. पण जितका ठोक्यांचा विचार करावा, तितकी छाती जास्तच धडधडे, आणि घड्याळ पुन्हा तेच बजावी. बसावं तरी पंचाईत, उठावं तरी पंचाईत.

संध्याकाळी आई शोधत आली. सगळं ऐकून म्हणाली, "माझ्या छातीला कान लाव बघू."

बिट्टीने कान लावला आणि तिचे डोळेच पांढरे झाले. "आई, तूही आजारी आहेस?"

"अगं, माझ्या आईचीही छाती अशीच धडधडायची. हे घड्याळ माणसाच्या हातावरचं. त्याला पिसोरी काय ठाऊक?"

"मग मी बरी आहे की नाही?"

"तूच सांग. भूक लागलीय?"

बिट्टी गोंधळली. दिवसभरात हे तिला घड्याळाने विचारलं नव्हतं, आणि तिने स्वतःलाही नाही.

"खूप," पट्ट्यातून मान सोडवून घेत ती म्हणाली.