इंगवले मालकांचं न हसणं

"उद्या बाराच्या आत मला एकदा हसवायचं. नाही जमलं तर मालिका बंद, सेट मोडा आणि आपापल्या घरी जावा."

असा हुकूम सोडून इंगवले मालक उठले. मालक म्हणजे 'चहा झाल्यावर या' या विनोदी मालिकेचे निर्माते. मालिका एका सरकारी कचेरीची, आणि कचेरीचा सेट कोल्हापुरात उभारलेला. मालक मनानं वाईट नव्हते हो, पण चेहरा असा, की स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नुकताच दंड भरून आल्यासारखे दिसायचे. त्यांना ताजा भाग दाखवला, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

"ह्यात हसायचं कुठं?" त्यांनी दिग्दर्शक वसगड्यांना विचारलं होतं.

वसगडे बिचारे समजावायला गेले. "मालक, साहेब समोर खुर्चीत बसलाय. आणि शिपाई लोकांना सांगतोय, साहेब अजून आले नाहीत."

"बसलाय की समोर."

"हो ना. म्हणूनच गंमत."

"शिपाई आंधळा आहे का?"

"नाही, मालक."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या त्याला. हसताय काय?"

खरं तर कुणीच हसत नव्हतं. विनोद समजावून सांगायचा म्हणजे मेलेल्या कोंबडीपुढं दाणे टाकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्यांनी कंबर कसली. लेखकानं ठेवणीतले चुटके काढले. मालक प्रत्येक चुटक्यानंतर "बरं, मग?" म्हणायचे, आणि लेखकाला घाम फुटायचा. शिपायाचं काम करणारा मिठारी तर चहाच्या ट्रेसकट धाडकन पालथा पडला. मालक लगबगीनं उठले, "लागलं काय रे?" म्हणाले आणि त्याच्या गुडघ्याला मलम मागवलं. अशा माणसापुढं करायचं काय?

कपडेपट सांभाळणारी हौसाक्का कोपऱ्यात शर्टांना इस्त्री करत हे सगळं बघत होती. लेकीला तिनं नुकतंच नर्सिंगला घातलं होतं. सेट मोडला तर लेकीचं शिक्षणही मोडणार होतं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली, पदर खोचला आणि सरळ मालकांपुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, आम्ही हरलो."

"अजून बारा वाजले नाहीत."

"बारानं काय होतंय? तुमच्यापुढं आमचा निभाव लागायचा नाही. पण जाता जाता एक उपकार करा. तो साहेबाचा सीन एकदा तरी नीट व्हावा, एवढीच इच्छा हाय. साहेबाचं काम करणारा आमचा नट दर टेकला फसकन हसतोय. कालच्या भागातबी बघा, कडेला तोंड फिरवलंय त्यानं. न हसणारा माणूस अख्ख्या युनिटात सापडंना. तुम्ही बसता का त्या खुर्चीत?"

मालकांची छाती फुगली. "न हसणं? जन्मभर दुसरं केलंय काय आम्ही?"

"पण बघा हं. टेकमधी हसलासा तर टेक फुकट. बत्तीवाल्यापासनं सगळ्यांची मेहनत मातीत."

"इंगवल्याला शिकवू नकोस. कोट आण."

हौसाक्कानं कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मालक साहेबाच्या खुर्चीत बसले. वसगड्यांनी त्यांना त्यांचं एकुलतं एक वाक्य सांगितलं आणि बजावलं, "मालक, काहीही झालं तरी हसायचं नाही." सेट चिडीचूप झाला. कॅमेरा सुरू झाला.

अर्ज घेऊन एक गावकरी आत आला. "साहेब आहेत का?"

मिठारीनं मालकांकडं निवांत बघितलं. "साहेब अजून आले नाहीत."

"मग हे कोण बसलंय?"

मिठारी अदबीनं वाकला आणि मालकांना विचारता झाला, "साहेब, आपण आलात का?"

मालक गंभीरपणे म्हणाले, "अजून नाही. मी वाटेत..."

'वाटेत आहे' म्हणायचं होतं. पण 'वाटेत'पाशीच ओठ थरथरला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली, छताकडं बघितलं, गाल फुगवले. पलीकडं बत्तीवाला तोंडात रुमाल कोंबून उभा होता. नेमकं त्याच्याकडं लक्ष गेलं आणि मालकांचा बांध फुटला. कोटाचं वरचं बटण तुटेस्तोवर ते हसले.

"कट!" वसगडे आनंदानं ओरडले.

"थांबा, थांबा, पुन्हा घ्या," मालक डोळे पुसत म्हणाले. "माझ्यामुळं टेक गेला. बरं दिसत नाही." पुन्हा घेतला, तर या खेपेला गावकरी दारातून आत यायच्या आधीच ते खुर्चीत वाकडे झाले. सगळा सेट त्यांच्याबरोबर खदखदून हसत होता. हौसाक्काच्या डोळ्यांत मात्र पाणी उभं राहिलं होतं.

जरा दम खाल्ल्यावर मालकांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. बाराला अजून अवकाश होता. त्यांनी हळूच मान वळवली.

"हौसे, फसवलंस मला."

"मी कशाला फसवू? मी तर हसू नका म्हणाले."

"हाच सीन काल बघितला, तेव्हा माझ्या तोंडावरची माशी हलली नाही. आज काय झालं?"

"मालक, काल तुम्ही हसायला बसला होतासा, आज न हसायला बसलासा. पोरांचं बघा की. फोटोला हस म्हटलं की रडत्यात, आन् आरतीला गप उभं राहा म्हटलं की फिदीफिदी हसत्यात. तुमच्या तोंडावर कुणी हसू नका म्हणायला आजवर धजावलंच न्हाई, मग हसू यायचं कसं?"

त्यावर मालक असे हसले, की मिठारीनं धावत जाऊन पाणी आणलं.

"मालिका चालू राहील," ते कसंबसं म्हणाले. "आणि हौसे, आजपासून तुझी इस्त्री बंद."

हौसाक्काचा चेहरा पडला.

"इस्त्रीला दुसरी बाई ठेवू. तू दर भागाला माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि मला दम द्यायचा. पगार दुप्पट."

हौसाक्कानं तिथल्या तिथं खुर्ची ओढली, मालकांशेजारी ऐसपैस बसली आणि त्यांच्यापुढं बोट नाचवलं.

"मग आत्तापासनंच कामाला लागते. मालक, खबरदार हसलासा तर!"

त्या दिवशी तो सीन काही पुरा झाला नाही.