आक्काच्या नावाचा चेंडू

वडजाई गावात एक भोळा भाऊ राहायचा. त्याचं नाव सोपान. गावात भोळे आणखीही होते, पण ते कुणाचं ऐकायचे नाहीत. सोपान सांगितलेलं सगळं ऐकायचा, म्हणून तोच लोकांच्या लक्षात राहिला.

तिसरीत असताना गुरुजी त्याला म्हणाले, "पुस्तक असल्याशिवाय वर्गात यायचं नाही." पुस्तक नव्हतं. सोपान गेला नाही. पुस्तक मिळालं तेव्हा त्याला मिशा फुटल्या होत्या. तो पुस्तक घेऊन वर्गात जाऊन बसला. तोवर गुरुजी बदलले होते.

त्याची थोरली बहीण शेवंता. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. ती दिवसा अंगणवाडी सांभाळायची आणि संध्याकाळी दूध संस्थेच्या हॉलमध्ये पोरांना टेबल टेनिस शिकवायची. फुकट. अशी अकरा वर्षं. टेबल जिल्हा संघटनेनं दिलं होतं. गावात खेळ चालू आहे तोवर ठेवा, खेळ संपला की परत द्या, असं त्यांच्या कागदावर होतं.

हॉलमध्ये चेंडू सहाच. हरवू नयेत म्हणून आक्कानं प्रत्येकावर पेनानं 'शेवंता' लिहिलेलं. दाराजवळ दुधाचा एक जुना कॅन पालथा घातलेला असायचा, ती तिची जागा. संध्याकाळ झाली की ती सहाही चेंडू हातात घ्यायची, पत्र्याच्या डब्यात टाकायची, झाकण लावायची आणि म्हणायची, "संपला खेळ." मग पोरं घरी जायची. ती म्हटल्याशिवाय कुणी बॅटसुद्धा खाली ठेवत नसे.

सोपानला घरी बसवत नव्हतं म्हणून आक्का त्याला बरोबर न्यायची.

पहिल्याच दिवशी एक चेंडू कुणाच्या तरी पायाखाली आला आणि फुटला. पाच राहिले. आक्का म्हणाली, "सोप्या, खाली काही पडलेलं दिसलं की आधी उचलायचं. पायाखाली येऊ द्यायचं नाही."

"बरं," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवा चेंडू आला आणि पोरांचा खेळ बघायला आईबापही आले. खेळ संपल्यावर ते बाहेर गेले आणि परत आत आले. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. कोपऱ्यातल्या पिंपात एकोणीस जोड होते आणि सोपान विसावा भरत होता.

"अरे, चपला कशाला उचलल्यास?"

"खाली होत्या. पायाखाली आल्या असत्या."

आक्का हसली. आधी तोंडावर पदर धरून हसली, मग पदर सोडून हसली. म्हणाली, "उचललं की आपल्याकडे ठेवायचं नाही, येड्या. ज्याचं असेल त्याच्या हातात द्यायचं."

"बरं," सोपान म्हणाला.

पुढच्या रविवारी शेजारच्या गावची पोरं खेळायला आली. आक्का मागच्या खोलीत पोहे परतत होती. पहिला गुण झाला. चेंडू खाली पडला. सोपाननं उचलला, नाव वाचलं, मागच्या खोलीत गेला आणि आक्काच्या हातात दिला.

"हा कशाला आणलास?"

"तुझा आहे."

आक्कानं तो परत पाठवला. दुसरा गुण झाला. चेंडू पडला. सोपान निघाला. असं सत्तर वेळा झालं. एक सामना तीन तास चालला. पोहे करपले, पाहुण्यांची एसटी चुकली आणि त्यांना रात्री गावातच जेवायला घालावं लागलं. आक्काच्या हाताला चेंडूंचा आणि चेंडूंना हळदीचा वास लागला.

ती म्हणाली, "खेळ चालू असताना मधे मधे करायचं नाही. खेळ संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. कुणी कितीही सांगू दे. समजलं?"

"समजलं."

त्याला खरंच समजलं. पुढच्या सामन्याच्या वेळी तो कॅनशेजारी मांडी घालून बसला. आक्काची पाठ होती. तेवढ्यात संस्थेचे चेअरमन तात्या यांची शेळी आत आली आणि टेबलावरची जाळी खायला लागली. पोरं मन लावून खेळत होती. सोपान बघत होता. जाळी संपली तेव्हा खेळ थांबला. मग तो उठला आणि त्यानं शेळीला हाकललं.

"आधी का नाही उठलास?"

"खेळ चालू होता."

"अरे पण ती जाळी खात होती."

"हो. आधी डावीकडची खाल्ली."

आक्कानं कपाळाला हात लावला. म्हणाली, "शेळी आली तर उठायचं. हाकलायची आणि परत येऊन बसायचं."

"बरं," सोपान म्हणाला.

पौषात आक्का तापानं गेली. तीन दिवसांत.

सोपान चेंडूंचा डबा घेऊन तिच्या उशाशी बसला होता. झाकण उघडं. चुलते म्हणाले, "सोपान, तो डबा आता ठेवून दे."

सोपाननं विचारलं, "कुणाच्या हातात?"

 चुलते बाहेर जाऊन उभे राहिले.

महिन्याभरानं जिल्हा संघटनेचं पत्र आलं. खेड्यापाड्यांत पदरमोड करून टेबल टेनिस शिकवणाऱ्या माणसांचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं होतं आणि पहिलं नाव आक्काचं होतं. पत्र तात्यांनी वाचलं. त्यांना आनंद झाला. त्यांना पेंडीची पोती ठेवायला जागा हवी होती.

ते म्हणाले, "बरं झालं. साहेब गाडी घेऊन येतायत. सत्कार उरकू, पोरांची शेवटची मॅच लावू आणि टेबल त्याच गाडीतून लावून देऊ. शिकवणारी गेली, आता खेळ कसला?"

 रुक्साना मुलाणी आठवीत होती, ती सगळ्यांत चांगली खेळायची. ती टेबल पुसत राहिली. पुसलेलंच परत पुसत राहिली.

ठरल्या दिवशी संघटनेचे डिसले साहेब आले. तीस वर्षं त्यांनी सामन्यांत पंच म्हणून काम केलेलं. अंगानं बारीक, बोलणं कमी. तात्यांनी भाषण केलं. शेवंता म्हणजे गावाचं भूषण, असं चार वेळा म्हणाले. हॉलमध्ये ते त्याआधी एकदाच आले होते, शेळी न्यायला. बाहेर पेंडीची गाडी उभी होती आणि हमाल विडी ओढत बसले होते.

साहेबांनी शाल, नारळ आणि मानचिन्ह सोपानपुढे धरलं. मानचिन्हावर नाव कोरलेलं होतं. सोपाननं ते वाचलं.

"हे आक्काचं आहे."

"हो. तुम्ही तिच्या जागी घ्या."

"तिची जागा ती," सोपान म्हणाला आणि त्यानं कॅन दाखवला.

तात्या कानाशी लागून म्हणाले, "घे की लेका, लोक बघतायत."

साहेबांनी क्षणभर कॅनकडे बघितलं. मग ते चालत दारापर्यंत गेले. त्यांनी कॅनवर शाल घातली, त्यावर नारळ आणि मानचिन्ह ठेवलं आणि कॅनला नमस्कार केला. टाळ्या कुणी वाजवायच्या ते कुणाला कळेना. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

शेवटची मॅच सुरू झाली. रुक्साना आणि तनुजा. सोपान कॅनशेजारी मांडी घालून बसला. रुक्साना दहा, तनुजा नऊ. चेंडू तनुजाच्या बॅटला लागून लांब उडाला आणि घरंगळत सोपानच्या पायाशी आला. अकरा-नऊ झाले.

तात्या उठले. "झालं. हं, धरा रे टेबल."

हमाल आत आले. सोपाननं चेंडू उचलला होता. त्यानं नाव वाचलं, कॅनकडे बघितलं, मूठ मिटली आणि तो बसून राहिला.

"सोपान, ऊठ. वाटेत बसलायस."

"खेळ संपेपर्यंत हलायचं नाही."

"अरे, संपला की खेळ."

"नाही संपला. चेंडू तिच्या हातात गेला नाही. ती म्हणाली नाही."

तात्यांनी पोरांकडे बघितलं. दोघींच्या हातांत बॅटी तशाच होत्या.

"ठेवा गं त्या खाली."

"आक्कानं म्हटलं नाही अजून," तनुजा म्हणाली.

तात्यांना सोपानची सगळी प्रकरणं ठाऊक होती. ते हमालाला म्हणाले, "पळ, माझी शेळी घेऊन ये. शेळी आली की तो उठतो. तो उठला की टेबल उचला."

शेळी आली. सोपान उठला. त्यानं शेळीला हाकललं आणि परत येऊन बसला. तेवढ्या वेळात हमालांना टेबल वीतभर उचलता आलं. दुसऱ्यांदा शेळी आत सोडली तेव्हा तिनं तात्यांच्या पेंडीचा वास घेतला आणि ती आपली आपणच बाहेर गेली. तिसऱ्यांदा ती यायला तयार होईना.

तात्या साहेबांना म्हणाले, "तुम्हीच सांगा आता. तुम्ही पंच."

साहेब रुक्सानाला म्हणाले, "इथं खेळ संपला असं कोण सांगतं?"

"आक्का."

"आणि कुणी?"

"आणि कुणीच नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.  मग ते हमालांना म्हणाले, "टेबल खाली ठेवा. खेळ चालू असताना टेबलाला हात लावायचा नाही. नियम आहे." त्यांनी खिशातला टेबलाचा कागद काढला, त्यावर 'खेळ चालू' असं लिहिलं, सही केली आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेले.

तात्या सोपानपुढे उकिडवे बसले. "अरे शहाण्या, मग हा खेळ संपणार कधी?"

"चेंडू तिच्या हातात दिला की."

"आणि ती कधी येणार?"

सोपाननं बराच विचार केला.

"ते मला सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

पेंडीची पोती तात्यांच्या ओसरीवर लागली. शेळीला फार लांब जावं लागत नाही.

हॉलमध्ये रोज संध्याकाळी रुक्साना बारक्या पोरांना सर्व्हिस शिकवते. खेळ संपत नाही तोवर वेळ घालवायला काहीतरी हवं. चेंडू पाच आहेत. सोपान कॅनशेजारी बसलेला असतो. आई भाकरी तिथंच आणून देते.

हल्ली तो डाव्या हातानं जेवतो. लोक नावं ठेवतात. पण त्याचा उजवा हात रिकामा नसतो.