कुरकुरणारा रहाटपाळणा

फार फार मागची गोष्ट. किती मागची? माझ्या आजीच्या आजीलाही ती जुनी वाटायची, एवढी मागची. आता मधेच बोटं मोडून हिशेब विचारू नका, मला येत नाही.

एका राज्यात नदीकाठी देवीची जत्रा भरायची. तिथल्या राजानं देवीला एक रहाटपाळणा वाहिला होता. अख्खा लाकडाचा, आणि उंच तर इतका, की देवळाच्या कळसाला वाकुल्या दाखवायचा. मधे जाड आडवा कणा, त्याच्याभोवती गरागरा फिरणारे चार पाळणे. कण्यापर्यंत चढायला लाकडी माची.

त्या मुलखाची एक रीत होती. वर्षात जन्मलेलं पोर आईच्या मांडीवर बसून रहाटपाळण्यातून एकदा आभाळाला शिवून यायचं. मगच त्याचं नाव ठेवायचं. तोवर ते नुसतं बाळ.

पाळणा देवीचा. म्हणून त्याला हळदकुंकू लावायचं, हात जोडायचे. बाकी हात लावायचा नाही.

एका वर्षी पाळणा बोलायला लागला. कुईं... कर्र. कुईं... कर्र.

सगळे जागच्या जागी थबकले.

"देवी काहीतरी मागते," पुजारीबुवा म्हणाले.

"काय मागते?" राजानं विचारलं.

"साडी."

"छे! नारळ," प्रधान म्हणाला.

सेनापतीनं कानामागं हात धरला. "मला तर लिंबू ऐकू येतंय."

"लिंबू? ऐकू येतंय?"

"अगदी स्वच्छ, महाराज."

राजाला काही कळेना. मग त्यानं सगळंच करायला सांगितलं. कण्याला साडी गुंडाळली, नारळ फोडला, लिंबू टांगलं. त्या गर्दीत एक अधू डोळ्यांची म्हातारी समई घेऊन माचीवर चढली. ओवाळायला गेली आणि अडखळली. समई पालथी. सगळं तेल कण्यावर.

"म्हातारे, डोळे कुठं ठेवलेस?" पुजारी खेकसले.

"घरीच राहिले वाटतं, बुवा," म्हातारी म्हणाली.

आणि पाळणा गप्प झाला.

"साडी पोचली!" पुजारी म्हणाले. "नारळ पोचला," प्रधान म्हणाला. सेनापती लिंबाकडं बघून मिशीत हसला. म्हातारीला मात्र ताकीद मिळाली, पुन्हा दिवा घेऊन इथं फिरकायचं नाही.

पुढच्या जत्रेत पाळणा परत ओरडायला लागला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. साड्या वाढवल्या. नारळांचा ढीग लावला. लिंबांची माळ केली. पाळणा ऐकेना. मागच्या खेपेला देवीला नक्की काय आवडलं होतं, यावरून पुजारी आणि प्रधान हमरीतुमरीवर आले. लोक एकदा इकडं माना डोलवायचे, एकदा तिकडं. कुणाचं खरं, कुणालाच कळेना.

त्या जत्रेला एक माळीण आली होती. लग्नाला कैक वर्षं झाल्यावर, देवळं धुंडाळून धुंडाळून, तिला मुलगा झाला होता. पोराला पोटाशी धरून ती पाळण्याजवळ गेली. पाळणा फिरला, मधेच हिसका देऊन अडला, परत फिरला. कर्रऽऽ.

माळणीचा पाय उचलेना. "बुवा, हा असा का करतो?"

"देवी पोराला हाक मारतेय. बस."

"प्रधानजी, तुम्ही सांगा."

"देवी हसतेय. बस."

माळीण सेनापतीकडं गेलीच नाही. तिथं लिंबू निघणार, हे तिला ठाऊक होतं. ती गोंधळून आपल्या गाडीजवळ येऊन उभी राहिली. तिथं तिचा म्हातारा बैल रवंथ करत बसला होता.

"धनीण, एक विचारू?" बैल म्हणाला. "माझ्या गाडीचं चाक कुरकुरलं की तुम्ही वंगण घालता. ह्याचं कुरकुरलं की हात जोडता. हे असं का?"

माळणीनं खाली वाकून पाहिलं. गाडीखाली वंगणानं भरलेली बांबूची नळी लोंबत होती. शेजारच्या गाडीखाली पण होती. पलीकडच्या गाडीखाली पण. सगळं मैदान गाड्यांनी भरलेलं, आणि गाडीगाडीला वंगण.

तिनं नळी सोडली आणि निघाली.

"थांब!" पुजारी आडवे झाले. "देवीच्या पाळण्याला गाडीचं काळं वंगण? बाटवतेस?"

राजाचंही डोकं फिरलं. "मी वाहिलेला पाळणा कुरकुरतो म्हणतेस?"

"मी कुठं म्हणते, महाराज? तोच म्हणतोय."

"मुकाट्यानं बस. नाहीतर पोर जन्मभर बिननावाचं राहील."

माळणीनं पोराकडं पाहिलं. "राहू दे. नाव नसलं तरी चालेल, महाराज. पोर असू दे."

"भित्री कुठली! बघ, मी बसतो," असं म्हणून राजा चढला की पाळण्यात!

रहाट फिरला. राजा वर गेला. पार वर गेला, आणि कण्यावरच्या साड्यांना पीळ बसून रहाट अडकला. राजा आभाळात तिरका. त्याची पगडी खाली नारळांच्या ढिगात.

कणा कण्हायला लागला.

"काय... काय म्हणतेय देवी?" राजा वरून ओरडला.

"आणखी एक साडी, महाराज!" पुजारी खालून म्हणाले.

"अरे मेल्या, आहेत त्या सोड आधी! माळीणबाई! ती नळी घेऊन या हो!"

ती समईवाली म्हातारी यंदा दिव्याविना आली होती. माळणीनं पोर तिच्या मांडीत दिलं, गाडीतला विळा घेतला आणि माचीवर चढली. साड्या कापल्या. नळी कण्यावर ओतली. तसे सगळे गाड्यांकडं पळाले आणि आपापली नळी घेऊन आले. रहाट सुटला. माळीण माचीवरून उतरली. हळूहळू, हळूहळू राजाही खाली आला.

त्याचा पाय जमिनीला लागला आणि कणा कडाडून मोडला. वरचा रिकामा पाळणा धाडकन खाली येऊन त्याच्या ठिकऱ्या झाल्या.

माळीण त्या ठिकऱ्यांकडं बघत राहिली. मग म्हातारीकडून पोर घेऊन तिनं इतकं घट्ट आवळलं, की ते रडायला लागलं.

लोकांनी कणा पाहिला. साड्यांच्या आत झिजून झिजून तो मनगटाएवढा उरला होता.

"तुम्हा कुणालाच कसं कळलं नाही?" राजानं विचारलं.

जो तो हातातल्या नळीकडं बघत राहिला. घरच्या चाकाचं सगळ्यांना कळत होतं. देवीच्या चाकाचं का कळलं नाही, ते मात्र कुणाला सांगता येईना. राजालाही येईना.

पुढच्या जत्रेला नवा कणा बसला. जत्रेत येणाऱ्या गाडीनं आधी पाळण्याला बोटभर वंगण द्यायचं, मग देवीला हात जोडायचे, अशी नवी रीत पडली. पहिलं तेल घालायचा मान म्हातारीला मिळाला. "डोळे अजून घरीच आहेत," ती म्हणाली, "पण हात आणलेत."

माळणीचं पोर तोवर पळायला लागलं होतं. राजानं त्याचं छानसं नाव ठेवलं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळा मुलूख त्याला लाडानं बिननाव्याच म्हणायचा.

म्हणून सांगते पोरांनो, आणि पोरांच्या बापांनो तुम्हीही ऐका: चाक कुरकुरलं की त्याचा अर्थ लावत बसू नये, आधी वंगण घालावं.