रंगाऱ्याच्या घरचा सारीपाट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. ऐका हं, लहानांनो! आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा सरसावून बसा, कारण ही गोष्ट तुमच्यासाठीच जास्त आहे.

त्या राज्यात एका नदीकाठी राणोजी नावाचा रंगारी राहत होता. घरात त्याची बायको सगुणा, मुलगा खंडू आणि नवी सून चिमणा. रंगाऱ्याचं घर म्हणजे पाण्याला अंत नाही. कापड रंगवायच्या, दारातल्या मोठमोठ्या नांदी रोज संध्याकाळी भराव्या लागत, आणि नदीचा घाट असा उभा की रिकाम्या हातानं चढतानाही धाप लागावी.

मग पाणी कुणी आणायचं? राणोजीच्या आजोबांनी यावर तोड काढून ठेवली होती. दुपारी जेवणं झाली की डाव मांडायचा आणि जो हरेल त्याने पाणी भरायचं. कटकट नाही, भांडण नाही! राणोजीला या रिवाजाचा भारी अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "आमच्या घरात कुणी कुणाला काम सांगत नाही. खेळच न्याय करतो."

आता हे बघा, घरात खेळ दोनच होते आणि दोन्ही राणोजीनेच निवडलेले. एक बुद्धिबळ. त्यात तो गावात कुणाला हार जात नसे. दुसरा गंजिफा. तळहाताएवढ्या गोल पानांचा केवढा तरी ढीग, आणि कुठलं पान पडलं, कुठलं कुणाच्या हातात राहिलं हे सगळं ध्यानात ठेवायचं. सगुणा आणि खंडू वर्षानुवर्षं खेळून तयार झालेले. चिमणाच्या माहेरी मात्र कधी कुणी पान हातात धरलेलं नव्हतं.

चिमणा पहिल्या दिवशी हरली. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी हरली. मग रोजच हरू लागली. ती पान टाकायला जायची तोच राणोजी म्हणायचा, "अगं सूनबाई, राजा मघाशीच पडला की! लक्ष कुठं आहे?" मग ती गोंधळायची आणि आणखी चुकायची. खंडूला वाटे, शिकेल हळूहळू. सगुणा शेजारणीला सांगे, "आमच्या सुनेला पाण्याची सवय झाली हो." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण कंबर मोडत होती ती एकट्या चिमणाची, आणि तक्रार तरी कुणाकडे करायची? खेळानं न्याय केलेला!

नागपंचमीला भाऊ न्यायला आला आणि चिमणा माहेरी गेली. चार दिवसांनी यायची ती महिना झाला तरी आली नाही. निरोप तेवढा आला, "इतक्यात येत नाही. वाट बघू नका."

खंडूचं जेवणावरचं मन उडालं. सगुणा पदराआड डोळे पुसू लागली. ती नवऱ्याला म्हणाली, "सोन्यासारखी पोर आपण घालवली की काय हो?"

"काहीतरीच काय!" राणोजी म्हणाला. "तिला जुन्या खेळांचा कंटाळा आला असेल. नवा आणतो, बघ कशी धावत येते." खरं सांगू का, हुशार माणसाची अक्कलसुद्धा कधी कधी अशी शेण खायला जाते.

बाजारपेठेत भागाबाई चितारीण खेळ बनवायची. पट शिवायची, सोंगट्या रंगवायची. राणोजी तिच्या दुकानात जाऊन म्हणाला, "भागाबाई, तुमच्याकडचा सगळ्यात देखणा खेळ द्या."

"खेळणार कोण कोण?"

"आम्ही चौघं. मी म्हणाल तर बुद्धिबळात..."

"तुम्ही जिंकता, ते ठाऊक आहे मला. सगळ्या पेठेला ठाऊक आहे. तुमच्या घरात हरतं कोण?"

"सूनबाई."

"मग तिला काय आवडतं?"

 राणोजीला ते सांगताच येईना. दीड वर्ष पोर घरात वावरत होती, पण तिला काय आवडतं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

भागाबाईने काढलेला पट पुन्हा गुंडाळला. "तिलाच घेऊन या. तिने हात लावला तो खेळ देईन. तुमच्या हातात आज काही देत नाही."

राणोजी तणतणत बाहेर पडला. पण घरी न जाता तो थेट चिमणाच्या माहेरची, डोंगराची वाट चालू लागला. व्याह्यांच्या दारात पोचला तेव्हा चिमणा अंगणात शेंगा फोडत बसली होती. सासरा एकटा आलेला बघून ती चपापली आणि पदर सावरत उठली.

"सूनबाई, रागावलीस होय आमच्यावर?"

"रागावले नाही, मामंजी." ती म्हणाली. "तुम्ही सगळी माणसं चांगली आहात. पण तिथं डाव मांडला की मला नुसता हंडा दिसतो. तुम्ही सगळे खेळायला बसता आणि मी पाण्याला निघायची तयारी करत बसते."

 राणोजी म्हणाला, "माझ्याबरोबर दुकानापर्यंत चल. खेळ तू निवड."

तिने दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "येते. पण दिवाळीला दादा येईल, तेव्हा राहायचं की नाही ते मी ठरवीन."

भागाबाईने दुकानातले सगळे खेळ तिच्यापुढे मांडले. चिमणाचा हात एका साध्या कापडी सारीपाटावर थांबला. "हा कसा खेळतात?"

"चौघांनी. समोरासमोरचे दोघं भिडू. जिंकले तर दोघं जिंकतात, हरले तर दोघं हरतात."

"मग हाच द्या," चिमणा लगेच म्हणाली.

राणोजीच्या जिभेवर आलं होतं, कवड्यांच्या मर्जीवर चालणारा हा कसला खेळ, यात डोकं काय कामाचं! पण त्याने ते कसंबसं गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट अंथरला. इकडे मायलेक भिडू, तिकडे सासरा-सून. राणोजीला खेळायची घाई. चिमणा दोनदा म्हणाली, "मामंजी, माझी सोंगटी अडकलीय, आधी तिला सोडवा ना." पण ऐकेल तो राणोजी कसला! तो आपलीच सोंगटी पुढे दामटत राहिला, सगुणाने ती मारली आणि डाव हातचा गेला.

 चिमणा सवयीने उठली आणि हंड्याकडे वळली. तेव्हा राणोजीही उठला आणि दुसरा हंडा त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला.

उतरताना काही वाटलं नाही. भरलेला हंडा घेऊन चढताना मात्र अर्ध्या घाटावरच त्याने हंडा खाली ठेवला. तो मटकन पायरीवर बसला. अंग घामानं निथळत होतं.

"रोज अशा किती खेपा करायचीस गं?"

"नांदी भरेपर्यंत," चिमणा म्हणाली.

राणोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं, पोरी. मी खेळाला न्याय म्हणत होतो आणि सगळं ओझं तुझ्या डोक्यावर देत होतो."

 चिमणा त्याच्याशेजारी पायरीवर बसली, आणि दोघं दम खाऊन मगच वर आले. घरात पाऊल टाकताच राणोजीने सांगून टाकलं, "आजोबांचा रिवाज आजपासून बंद. आधी चौघांनी मिळून पाणी भरायचं, मगच डाव मांडायचा. डावावर काही लावायचं नाही."

चौघं मिळून गेल्यावर नांदी बघता बघता भरू लागल्या. आणि डोक्यावरचा हंडा उतरल्यावर चिमणाला खेळ कळू लागला! आता ती बिनधास्त ओरडायची, "मामंजी, तिला हात लावाल तर बघा!" राणोजी चक्क ऐकायचा. तिने एकदा सासूची पिकून घरात जायला आलेली सोंगटी मारली, तेव्हा सगुणा हसून हसून आडवी झाली. खंडू तर बायकोकडे बघतच राहिला. पुढे तिने स्वतःच राणोजीला म्हटलं, "मामंजी, आता गंजिफाही शिकवा ना."

दिवाळी आली. ठरल्याप्रमाणे भाऊ दारात उभा राहिला. आतून नुसता गलका ऐकू येत होता. "काय गं चिमणे," त्याने हाक मारली, "काय ठरलं तुझं? येतेस ना घरी?"

राणोजीच्या हातातल्या कवड्या हातातच राहिल्या. 

चिमणाने पटावरची नजरसुद्धा उचलली नाही. "दादा, घरीच आहे मी. तू आधी हातपाय धू आणि इकडे ये. मामंजी, टाका की कवड्या, डाव आपला आहे!"

बाळांनो, तात्पर्य एवढंच: घरासाठी खेळ निवडताना जिंकणाऱ्याला विचारू नये, रोज हरणाऱ्याला विचारावं.