वस्तऱ्याचा प्रसाद

“सिस्टर, हे बाहेर फुटता कामा नये. माझ्या बायकोलासुद्धा कळता कामा नये.”

बायको पडद्याच्या अलीकडेच उभी होती. नवऱ्याच्याच चपला हातात धरून.

गिरजाच्या लग्नाला जेमतेम महिना झालेला. सासरी सगळे तिला गरीब गाय म्हणत. गाईलाही कान असतात, हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

पलीकडे खाटेवर अवधूतबुवा बसले होते. मठाचे गुरू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आलेले. शेजारी त्यांचा लाडका शिष्य, म्हणजे गिरजाचा नवरा, मल्हारी.

“काय लपवतोस रे?” बुवांनी विचारलं.

“काही नाही, बुवा. ऑपरेशनआधी रक्त तपासतात ना... यांचं यंत्र बिघडलंय. म्हणे, तुमच्या रक्तात कावीळ आहे.”

“बी प्रकारची,” सिस्टर म्हणाली. “दोनदा तपासलं. बुवा, डोळा ठरल्याप्रमाणे उद्याच करू. काविळीचं डॉक्टर नंतर बघतील. पण ही रक्तातून लागते, नवऱ्याकडून बायकोलाही. तुमची सुई, तुमचा वस्तरा आणखी कुणाला लागला असेल, तर त्यांनाही तपासायला हवं.”

वस्तरा...

मठात दीक्षेच्या दिवशी बुवा वस्तरा आधी स्वतःच्या डोक्यावर फिरवत, मग त्याच धारेनं शिष्याच्या. मल्हारीला तेव्हा कानामागं कापलं होतं. लोक नव्या नवरीला शेत दाखवतात. यानं ती खूण दाखवली होती.

बुवांनी मान डोलावली.

“तो वस्तरा आजपासून बंद. ज्याचं त्याचं ब्लेड. आणि सिस्टर, आधी याला टोचा.”

“मला गरज नाही!” मल्हारी ताठ झाला.

“मंत्र घ्यायच्या आधी वर्षभर मला पारखलंस. आणि रक्त न पारखताच घेणार?”

“गुरूकडून आलं असेल, तर तो प्रसाद.”

“प्रसाद?”

“प्रसादच!”

बुवा खुदकन हसले.

“मग एकट्यानं कसा खाल्लास? घरी वाटलास का?”

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या.

“ये पोरी, आत ये,” बुवा म्हणाले. “डोळे अधू झालेत माझे, कान शाबूत आहेत.”

गिरजा आत आली. तिनं चपला मल्हारीच्या पायाशी ठेवल्या, स्टुलावर बसली आणि बाही वर सारून हात सिस्टरपुढं धरला.

टोचून झालं. कापसाचा बोळा दाबत ती उठली. पायानं स्टूल नवऱ्याकडं सरकवलं.

“अगं, पण माझी श्रद्धा...”

सिस्टरनं ओठ चावून हसू दाबलं. बुवांनी तेवढाही प्रयत्न केला नाही.

गिरजानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“अहो, प्रसाद घ्यायला आधी हात पुढं करायचा असतो. करा.”